खांबाजवळची दासी

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या खोलीत मी स्वतः बसले होते, म्हणून सांगते.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. हिवाळ्यातली दुपार होती आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. जुने चित्रपट जपून ठेवणारी एक संस्था आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावरची ही छोटी खोली. थोड्या खुर्च्या, एक पडदा, आणि मागे काचेपलीकडे प्रोजेक्टर.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारी बाई. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

माझी धाकटी बहीण ऐतिहासिक चित्रपटांतल्या स्त्रियांवर प्रबंध लिहीत होती. राण्यांवर तिचं ढीगभर लिहून झालं होतं. पण जीव अडकला होता तो राणीच्या मागे उभ्या असणाऱ्या बायकांत. पंखा हलवणाऱ्या, तबक धरणाऱ्या. तिच्या मार्गदर्शक बाईंना ते प्रकरण मुळीच पटेना. ज्या तोंड उघडत नाहीत त्यांच्यावर लिहिणार काय, कपाळ, असं त्यांचं म्हणणं.

मग तिला तो चित्रपट सापडला.

त्याचा आवाज कधीच खराब होऊन गेलेला. चित्र तेवढं शाबूत होतं. राजा लढाईला निघालाय आणि राणी त्याला निरोप देतेय, असा प्रसंग. मागे दासींची ओळ, सगळ्या पुतळ्यासारख्या उभ्या.

खांबाजवळच्या एकीचे ओठ मात्र हलत होते...

धाकटीला चैन पडेना. ही बाई काय बोलतेय ते कळलं, तर मार्गदर्शक बाईंना दाखवायला काहीतरी हाती लागणार होतं.

आणि ते सांगू शकेल असं माणूस आमच्या घरातच होतं.

आमच्या आईला ऐकू येत नाही. तरुणपणी तापात तिचे कान गेले. ती ओठ वाचते. आमच्या घरात गुपित म्हणून टिकत नाही. समोरच्या इमारतीतलं भांडणसुद्धा ती खिडकीतून बघून आम्हाला साग्रसंगीत सांगते.

तर त्या दुपारी आम्ही आईला घेऊन गेलो. आई मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. अंधारात आईशी बोलायचं तर तोंड दिसायला हवं, म्हणून धाकटी मोबाइलचा उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर पाडून बोलत होती.

प्रसंग सुरू झाला. दासी दिसली.

आई लगेच म्हणाली की ही पाणी मागतेय. घसा सुकलाय, कुणीतरी पाणी द्या, एवढंच.

आम्ही हसलो. दिव्यांच्या उकाड्यात ताटकळलेली बिचारी, दुसरं काय म्हणणार? धाकटीने खात्री करायला ऑपरेटरला तेच रीळ पुन्हा लावायला सांगितलं.

पुन्हा राजा. पुन्हा राणी. पुन्हा खांब.

आईच्या कपाळाला आठी पडली.

"आता वेगळंच म्हणतेय," ती म्हणाली. "दार बाहेरून लावलंय, म्हणतेय."

मी म्हटलं, आईची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. चित्रपट काय दर वेळी बदलतो? धाकटीने मागे वळून, आणखी एकदा, अशी खूण केली.

तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं. लहानपणापासून आईसोबत राहून थोडे ओठ मलाही वाचता येतात.

दासीने मान वळवली. आधी ती वळवत नव्हती.

तिने सरळ आमच्याकडे पाहिलं... नाही, आमच्याकडे नाही. आईकडे.

आणि ते शब्द मीही वाचले.

"तुला कळतंय ना?"

आईने मान हलवली. हो.

मग दासी बोलायला लागली. भराभर, न थांबता. मला एक शब्द लागेना. राजा, राणी, दरबार सगळं जागच्या जागी थिजलेलं. हलत होते ते फक्त तिचे ओठ...

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

खोलीत आवाज नव्हता.

मघापासून चाललेली प्रोजेक्टरची घरघर थांबली होती.

मागचं दार उघडलं. ऑपरेटर बाहेर आला. हातात फिल्मचं तुटलेलं टोक.

"ताई, जरा दम धरा," तो म्हणाला. "फिल्म तुटलीय. मघापासून जोडतोय, जमत ना—"

त्याची नजर पडद्यावर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं.

दुसऱ्या क्षणी पडदा कोरा होता.

आई मात्र अजून त्याच जागी बघत होती. अधूनमधून मान हलवत होती.

ऑपरेटरने पुढे ते रीळ लावायला साफ नकार दिला. धाकटीने दुसऱ्या कुणाकडून तरी ते लावून घेतलं. खांब होता, दासी होती. पण ओठ घट्ट मिटलेले. बोलल्यासारखं काही नव्हतंच.

ती काय म्हणाली, हे आईने आजतागायत सांगितलेलं नाही. धाकटी रडली, रुसली, पाया पडली. आईचं एकच. तिने विश्वासाने सांगितलंय, ते छापण्यासाठी नाही.

एकदाच, मी खूप खोदून विचारल्यावर, आई एवढं बोलली.

"ती एकटी नव्हती गं. तिच्या मागे बाकीच्या थांबल्या होत्या."

धाकटीचा प्रबंध पूर्ण झाला. दासींचं प्रकरणही मंजूर झालं. त्यात त्या चित्रपटाचा उल्लेख नाही. ती आता जुने चित्रपट बघत नाही, शिकवते फक्त.

मीही विसरले असते. खरंच विसरले असते.

पण गेल्या आठवड्यात मी आईकडे गेले होते. उन्हं कलली होती. आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी. ओट्यावर चहा तसाच, वर साय धरलेली.

मी खांद्यावर हात ठेवला. एरवी ती दचकते. तेव्हा दचकली नाही.

भिंतीवरची नजर न काढता तिने एक बोट वर केलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "हिचं संपू दे."