पांढऱ्या रेघेचा माग

"दाब ना!"

"दाबलंय!"

"मग वाजत का नाही?"

"थांब, तो विचार करतोय!"

कॅमेऱ्याचा विचार करून झाला आणि 'खट्' आवाज आला. तोपर्यंत झारीच्या तोंडावर बसलेला पक्षी कुंपणापलीकडे पसार झाला होता. भिंगरीने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पाहिलं. फोटोत झारी होती. फक्त झारी.

"झारी मात्र झकास आलीये," लंबू म्हणाला. "अजिबात हलली नाही बिचारी."

"गप रे!"

लंबू हा भिंगरीचा आतेभाऊ. आठवीतच तो दाराच्या चौकटीला टेकायला लागला होता, म्हणून लंबू. त्याच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे शंकासुर म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नचिन्हावर संपायचं. आणि भिंगरीला भिंगरी का म्हणत, हे तिला एका जागी बसलेलं पाहण्याचा प्रयत्न केलेल्या कुणालाही विचारावं.

अशा मुलीच्या वाट्याला असा कॅमेरा यावा, हा खरं तर अन्यायच होता. सुट्टीत आत्याकडे येताना बाबांनी कपाटाच्या तळातून तो काढून दिला होता. "आधी हा नीट वापर, मग पुढचं बघू," एवढंच ते म्हणाले. कॅमेऱ्याचं वय भिंगरीपेक्षा जास्त. बॅटरीचं झाकण रबर बँडने बांधलेलं. बॅटरी काढून घातली की तारीख थेट एक जानेवारीवर जायची. बटण दाबल्यावर फोटो निघायला एवढा वेळ लागायचा की मधल्या वेळात माणूस शिंकून, नाक पुसून पुन्हा हसायला तयार व्हायचा.

पहिले दोन दिवस भिंगरी रागावली, तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आली. मग तिच्या लक्षात आलं, की या कॅमेऱ्यापुढे उभं राहायला सगळ्यात लायक जर काही असेल, तर ती रोपं!

आणि रोपांना इथे तोटा नव्हता. आत्याचं घर म्हणजे रोपवाटिकाच. मागच्या दारातून बाहेर पडलं की हिरव्या जाळीचा मांडव आणि त्याखाली ओळीने मांडलेले रोपांचे ट्रे. मांडवाबाहेर, अगदी कुंपणाजवळ, एक लांबलचक लाकडी टेबल होतं. विक्रीला जाण्यापूर्वी रोपं काही दिवस त्या टेबलावर उन्हात ठेवायची पद्धत होती.

"सावलीत वाढलेलं पोर एकदम बाहेर नेऊन लावलं तर मान टाकणारच," आजोबा सांगायचे. "आधी ऊन-वारा दाखवायचा. मग ते कुठेही टिकतं."

ही रोपवाटिका आजोबांनीच उभी केलेली. आता कारभार आत्या बघत असली, तरी संध्याकाळी पाठीला पंप अडकवून औषध फवारायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. सावकाश, एकेका ट्रेपुढे थांबत ते चालायचे. त्यांचा फोटो काढताना भिंगरीला एकदाही "हलू नका" म्हणावं लागलं नाही. कॅमेरा विचार करायचा, आजोबाही विचार करायचे, आणि फोटो मात्र असा यायचा की लंबूनेही तो दोनदा मागून पाहिला.

"माझ्या मोबाइलमध्ये पानं एवढी हिरवी दिसत नाहीत," तो नाइलाजाने म्हणाला.

"मोबाइल घाईत असतो ना तुझा," भिंगरी ऐटीत म्हणाली. आपण कॅमेऱ्याची बाजू घेतली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या दिवशी पक्षी उडाल्यावर ती झारीचा फोटो पुसून टाकत होती, तेवढ्यात टेबलापाशी आत्याचा आवाज चढला.

"बाबा! इकडे या जरा!"

तिघंही धावली. टेबलावरच्या टोमॅटोच्या कितीतरी रोपांची पानं करपली होती. कडा तपकिरी, मधे पांढुरके चट्टे. हात लावला की पान चुरगळून हातात येत होतं.

"हे दुसऱ्यांदा झालंय," आत्या म्हणाली. "परवा मिरचीची गेली, आज ही. काल संध्याकाळी औषध तुम्हीच मारलंत ना?"

"मीच मारलं."

"पाण्यात किती घातलंत?"

आजोबांनी एक करपलेलं पान उचललं. "नेहमीएवढंच," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे... नेहमीएवढंच असणार. हात थरथरतो हल्ली. पडलं असेल जास्त."

आत्याचा राग ओसरला, पण त्याच्या जागी जे आलं ते भिंगरीला रागापेक्षा वाईट वाटलं. आत्या मऊ आवाजात बोलायला लागली.

"बाबा, आजपासून पंप राहू द्या. आणि मी दादाशी बोलते. सुट्टी संपली की भिंगरीबरोबर तुम्ही त्यांच्याकडे राहायला जा. तिथे आराम होईल."

दादा म्हणजे भिंगरीचे बाबा. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि त्या घरात माती म्हणावी अशी वस्तू फक्त बुटांच्या तळाला सापडायची.

आजोबांनी मान डोलावली. पंपाचा पट्टा अजून अडकवलेला असावा तसा त्यांनी उगाच खांदा चाचपला आणि ते घरात गेले.

"आजोबा तुमच्याकडे आले तर तुला मजा ना?" शंकासुराने विचारलं.

"असे नकोत!" भिंगरी एवढ्या जोरात म्हणाली की लंबूही दचकला. "ते तिथे करणार काय? खिडकीत बसणार? आणि चूक त्यांची आहेच कशावरून?"

"ते स्वतःच म्हणाले ना?"

"आपण म्हटलं म्हणून खरं होतं का? हे बघ तरी नीट!"

तिघांनी टेबलावर माना घातल्या. थोड्या वेळाने शंकासुराने एका ट्रेवरून दुसऱ्या ट्रेवर बोट फिरवलं.

"औषध असं पट्ट्यासारखं पडतं का?"

खरंच की! करपलेली रोपं सगळीकडे विखुरलेली नव्हती. टेबलावर तिरका पट्टा मारावा तशी ती एका ओळीत होती. पट्ट्याच्या अलीकडची पानं टवटवीत, पलीकडचीही टवटवीत.

"आजोबा तर टेबलभर फवारतात," लंबू म्हणाला. "मग सगळीच करपायला हवीत. काहीतरी गडबड आहे!"

"आईला सांगू या?"

"काय सांगणार? पट्टा आहे म्हणून? 'मग पट्ट्यात जास्त पडलं असेल,' म्हणेल ती. आधी कारण शोधायला हवं."

आत्याने तोवर टेबलावर नवे ट्रे आणून ठेवले होते. मुलांनी पहारा करायचं ठरवलं. सकाळभर काहीच घडलं नाही. एक मांजर आलं, ट्रेचा वास घेऊन निघून गेलं. दुपारी फाटक बंद झालं, मोठी माणसं जेवून आडवी झाली. रोपवाटिकेत रोज याच वेळी चिटपाखरू नसायचं.

भिंगरी टेबलाच्या टोकाशी बसून रोपांचे फोटो काढत होती. एकदा तिने कॅमेरा जरा वर उचलला आणि ती वैतागली.

"गेला! आता हा पण रोग!"

मागच्या काचेवर वरपासून खालपर्यंत एक उभी पांढरी रेघ दिसत होती. दोरी टांगावी तशी सरळ.

"मेला वाटतं तुझा म्हातारा," लंबू म्हणाला. "दे, पुसून बघू."

पुसून काही झालं नाही. त्याने आपला मोबाइल त्याच दिशेला धरला. त्यात रेघबीघ काही नव्हती. रोपं, कुंपण, रस्त्यापलीकडची गच्ची, सगळं छान.

भिंगरीने कॅमेरा मांडीवर घेतला. दहा दिवसांपूर्वी तिने तो पिशवीत कोंबला असता. पण एव्हाना तिला त्याच्या खोड्या पाठ झाल्या होत्या. त्याला उशीर व्हायचा, तारीख कळायची नाही, पण जे समोर नाही ते त्याने आजवर कधी दाखवलं नव्हतं.

तिने कॅमेरा हळूच डावीकडे वळवला. रेघ उजवीकडे सरकली. उजवीकडे वळवला. रेघ डावीकडे आली.

"लंबू! काचेवर डाग असता तर रेघ एकाच जागी राहिली असती ना?"

"हो. मग?"

"ही सरकतेय! कॅमेरा कुठेही वळवला तरी ती समोरच्या गच्चीच्या त्याच कोपऱ्यातून जाते. रेघ कॅमेऱ्यात नाही, तिथे काहीतरी आहे!"

लंबूने मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्याचा चेहरा पालटला. "ऐका! जुन्या कॅमेऱ्यांमध्ये एखादा फार प्रखर उजेड समोर आला, की त्याच्यातून जाणारी उभी रेघ उमटते. नव्यांमध्ये होत नाही."

"म्हणजे तिथे प्रखर उजेड आहे?" शंकासुर डोळ्यांवर हात धरून गच्चीकडे बघायला लागली. भिंगरीने तिला खसकन मागे ओढलं.

"सरळ बघू नकोस, डोळे जातील! टेबलाकडे बघ!"

टेबलाच्या टोकावर उजेडाचा एक तिरका पट्टा पडला होता. आजूबाजूच्या उन्हापेक्षा किती तरी लख्ख! तो इतका हळू सरकत होता की टक लावून पाहिल्याशिवाय कळूच नये. लंबूने त्यात हात धरला आणि झटक्यात मागे घेतला.

"चटका बसतो!"

तिघांनी मिळून त्या वाटेतले ट्रे भराभर मांडवात ओढले. मग ती रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत शिरली.

खाली पत्रेकाकांचा कारखाना होता. ते स्टीलच्या पत्र्यांच्या टाक्या बनवायचे. गच्चीवर मुलांनी पाहिलं, तर आरशासारखे चकचकीत पत्रे कठड्याला टेकवून उभे केलेले. आपल्याच वजनाने ते मधे वाकले होते आणि त्यांना परातीसारखा खोलगट आकार आला होता. रोपवाटिकेकडे तोंड करून ते आपले ऊन गोळा करून पाठवत होते!

पत्रेकाका खाली खुर्चीत डुलक्या काढत होते. मुलांचं ऐकून त्यांनी एकच डोळा उघडला.

"पत्र्याने रोप जळतं? हे कोणी शिकवलं तुम्हाला? पत्रा निपचित पडलाय बिचारा. जा, खेळा!"

"पण त्यांच्यावर नेहमीची ताडपत्री का नाही?" शंकासुराने विचारलं.

"स्कूटरला घातलीये. सीट तापते. जा म्हटलं ना!"

मुलं खाली मान घालून बाहेर आली. रस्त्यात भिंगरी एकदम थांबली.

"काकांना पत्र्याबद्दल सांगून उपयोग नाही. पत्र्यालाच सांगू दे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी लंबू अगदी शहाण्या मुलासारखा कारखान्यात गेला. "काका, आईने बोलावलंय. टाकी बनवून घ्यायची आहे. माप घ्यायला येता का?"

यात खोटं काही नव्हतं. आत्याला टाकी हवीच होती, ती आजच ठरवावी एवढंच लंबूने सकाळपासून तिच्या मागे लागून पटवलं होतं. काम मिळतंय म्हटल्यावर काका टोपी विसरून आले. भिंगरीने कॅमेऱ्यातली रेघ बघून जागा आधीच हेरली होती. रिकाम्या टेबलाजवळ, काकांची पाठ रस्त्याकडे येईल अशा बेताने, तिने एक स्टूल ठेवलं होतं. आजोबांनाही तिने हाताला धरून बाहेर आणलं.

"बसा ना काका!"

काका बसले. टाकी केवढी, तोटी कुठे, झाकण कसं, बोलणं रंगलं. पट्टा हळूहळू टेबलावरून उतरला, स्टुलापर्यंत आला, आणि काकांच्या तुळतुळीत टकलावर चढला.

"तर मी काय म्हणत होतो ताई, तळाला जाड पत्रा... अगं आई गं!"

काका डोकं धरून ताडकन उठले. "कोण चटके देतंय रे?"

"तुमचा निपचित पत्रा, काका," भिंगरी म्हणाली.

शंकासुराला त्या दिवशी प्रथमच प्रश्न सुचला नाही, ती पोट धरून हसत सुटली. आत्या काकांच्या डोक्याकडे पाहत राहिली, मग गच्चीच्या दिशेला, मग टेबलाकडे. भिंगरीने तिला पट्ट्याच्या वाटेतलं, बाजूला काढून ठेवलेलं एक करपलेलं रोप दाखवलं आणि कॅमेऱ्यातले फोटो एकामागून एक पुढे केले.

"दुपारी चटका बसतो, पण पान तपकिरी व्हायला वेळ लागतो," ती म्हणाली. "संध्याकाळी अंधारात कुणाला दिसत नाही. आजोबा फवारतात आणि सकाळी डाग दिसले की नाव औषधाचं! आत्या, आजोबांचं काही चुकलेलं नाही."

पत्रेकाका डोकं चोळत आजोबांसमोर आले.

"चूक माझी. स्कूटरची सीट तापू नये म्हणून मी तुमची रोपं भाजत बसलो. आत्ता ताडपत्री घालतो. तुमची टाकी मी फुकट बनवून देतो. आणि या पोरांना कधी पत्र्याबद्दल काही शिकवायला गेलो, तर मला थांबवा!"

काका गेले. आत्या मांडवात गेली आणि पंप घेऊन परत आली.

"बाबा, मी विचारायला हवं होतं. एकदम ठरवूनच टाकलं."

"तुला काय बोलू?" आजोबा म्हणाले. "मीसुद्धा ठरवूनच टाकलं होतं. काल रात्रभर मी औषध मोजत होतो मनातल्या मनात." त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. तो खरंच जरासा थरथरत होता. "एवढ्या घरात एकटी ही म्हणाली, आधी नीट बघू. शाबास! आणि तुम्ही दोघंही, शाबास!"

लंबूने घसा खाकरला. "भिंगरी, उद्या मला देशील कॅमेरा? एकच दिवस?"

"तू आजोबांबरोबर असताना देईन," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर राहिला तर त्याला धाप लागेल."

ऊन उतरल्यावर आजोबांनी पंप पाठीला लावला आणि पहिल्या ट्रेपुढे उभे राहिले. आत्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती.

"नाही रे दादा, बाबा नाही येणार तिकडे. अरे, बरे आहेत ते! त्यांना इथे काम आहे."

"आणि सांग त्याला," रोपांच्या रांगेतून आजोबांचा खणखणीत आवाज आला, "की त्याची पोरगीसुद्धा आणखी आठवडाभर येणार नाही. तिलाही काम आहे!"