बिनरंगाची नळी

"मेलं खोटारडं आहे," प्रिस्का मशीनकडे बघत म्हणाली.

"मशीन नाही हो, पेशी," पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

साल दोन हजार पाच. माणिकपूरच्या त्या छोट्या लॅबमध्ये पेशी मोजायचं यंत्र येऊन जेमतेम महिना झाला होता. रंग लावलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक करून सोडायच्या आणि चमकतील त्या मोजायच्या, एवढंच काम. पण प्रिस्काच्या सरसकट सगळ्याच पेशी चमकत होत्या. म्हणून कंपनीने इंजिनिअर धाडला होता — बेसिल, जवळच्याच गास गावचा. गालाला खळी. खळीचा मशीनशी काही संबंध नव्हता, पण प्रिस्काच्या लक्षात आधी तीच आली.

त्याने विचारलं, रंग न लावलेल्या पेशींची, बिनरंगाची नळी कुठे आहे? ती म्हणाली, रक्त वाया कशाला घालवायचं, म्हणून ती लावतच नाही. तो हसला. पेशींना स्वतःचीही चमक असते, आधी ती मोजायची, मगच रंगाची किती ते कळतं. त्यात तिने शनिवारचे नमुने सोमवारपर्यंत फॉर्मालिनमध्ये ठेवलेले, त्याने चमक आणखी वाढलेली. नमुने ताजे घ्यायचे आणि हिरव्याऐवजी लाल रंग वापरायचा, असं सांगून तो गेला.

आकडे सुतासारखे सरळ झाले. तरी बेसिल दर गुरुवारी येतच राहिला... दोन-दोन तास बसायचा, हसायचा. पण रिसेप्शनवरच्या फ्लॉसीशीही तो तसाच हसायचा, चहावाल्याशीही. मग यातलं आपलं किती? प्रिस्काचं डोकं चक्रावून गेलं. विचारावं तर फजिती, न विचारावं तर पुढच्या आठवड्यात त्याची हैदराबादला बदली. आजचा गुरुवार शेवटचा.

तिच्या हातात नळ्या होत्या. पहिली बिनरंगाची. आणि एकदम तिला आठवलं, मागच्या गुरुवारी आपण मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो; म्हणजे तो गुरुवार बिनरंगाचाच. ती तडक फ्लॉसीकडे गेली.

"तू नव्हतीस तेव्हा?" फ्लॉसी म्हणाली. "हसला की, नेहमीसारखा. मशीन बघितलं, सही घेतली, दहा मिनिटांत गेला. चहापण नको म्हणाला."

प्रिस्काच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात बेसिल आलाच.

"मागच्या गुरुवारी दहा मिनिटं लागली म्हणे," ती नळीकडेच बघत म्हणाली. "आज किती लागतील?"

त्याने बॅग खाली ठेवली. खळी कुठे दिसेना. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"मशीनला दहाच लागतात," तो म्हणाला. "बाकीचा वेळ... तुझ्यासाठी. हैदराबादहून फोन केला तर घेशील?"

सगळा गोंधळ एका क्षणात निवळला. तिला इतका आनंद झाला की हातातली नळी आधी स्टँडमध्ये ठेवावी लागली.

"कर. पण घरच्या नंबरवर. फोन आधी आई उचलते."

एवढं सगळं समजावून सांगणाऱ्या बेसिलची बोबडी वळली. "मग त्यांना... काय सांगू?"

"जे आत्ता मला सांगितलंस तेच," प्रिस्का म्हणाली आणि फ्लॉसीला दोन चहा सांगून आली.