हैबतरावाला दूध नको!

“या, बसा, पानी घ्या!” आतून कोणीतरी ठसक्यात म्हणालं, म्हणून मालू खरवसाचं भांडं सावरत सरळ घरात शिरली... आणि जागीच थबकली. समोर अर्ध्या गालाला साबण फासलेला, हातात वस्तरा धरलेला एक उंचापुरा तरुण उभा होता.

“मी... मी काय बोललोच नाय,” तो गडबडून म्हणाला.

“मग कोण बोललं?”

त्यानं वस्तऱ्यानंच खिडकीतला पिंजरा दाखवला. “आमचे हैबतराव.”

घरोघर पिंजऱ्यात पोपट असायचे, त्या साठ-पासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. म्हैस व्याली की पेणच्या त्या आळीत मालूच्या घरचा खरवस सगळीकडे जायचा, मग नवा भाडेकरू तरी कसा सुटणार? हा दत्तात्रेय मूळचा रोह्याचा, एसटीच्या पेण-रोहा गाडीवर कंडक्टर. पोपट त्याच्या आईचा. रोह्याच्या घराची कौलं बदलायला काढली होती, म्हणून हैबतरावाचा मुक्काम सध्या लेकाकडे होता.

“वाटा सगळ्यांचा,” असं म्हणत मालूनं खरवसाची चांगली मोठी वडी पिंजऱ्यात सरकवली. हैबतरावानं तिचा फडशा पाडला. दत्तात्रेय मात्र स्वतःची वडी हातात धरून मालूकडेच बघत राहिला, आणि गालावरचा साबण वाळून गेला.

“आवडला नाय वाटतं खरवस?”

“आवडला की!”

“अजून चाखलाय कुठं?”

“काही गोष्टी न चाखताच कळतात,” तो म्हणाला. मालू लाजून पळाली ती थेट घरी.

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी दत्तात्रेय भांडं भरून वालाच्या शेंगा घेऊन आला, पण त्याचा चेहरा पार उतरला होता. “हैबतराव बोलत नाय. पिसं फुगवून बसलाय, आणि पिंजऱ्यात नुसतं पाणी पाणी केलंय.”

मालूनं शेंगांचं भांडं तसंच खाली ठेवलं. पिंजऱ्यावर शाल टाकून दोघं गुरांच्या दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी विचारलं, “काय खाल्लं यानं?” मालूनं खाली मान घालून सांगितलं, तसे ते हसले. “अहो, पाखराची आई पिल्लाला दूध पाजते का कधी? याच्या पोटाला दूध पचत नाही, आणि त्यात हा गोड खरवस! ऊब द्या, पाणी द्या, थोडा मऊ भात द्या. पुढे कधी लाड करायचेच तर ताजं दही, वाटाण्याएवढं. साखर नाही, मीठ नाही.”

मग मालू सकाळ-संध्याकाळ मऊ भात घेऊन येऊ लागली. हैबतराव हळूहळू माणसात आला, पुन्हा पाहुण्यांना पाणी विचारू लागला. भात मात्र येतच राहिला.

“पाखरू तर बरं झालं,” दत्तात्रेय एकदा म्हणाला. “आता हा भात कोणासाठी?”

“नको असेल तर नेते परत.”

“नको असं म्हनलो काय मी?”

मालू हसली. रोह्याची गाडी आळीच्या तोंडाशी हॉर्न द्यायची, तेव्हा तिचं चुलीवरचं लक्ष उडायचं आणि दूध उतू जायचं. तिचं मन त्याच्यावर जडलं होतं. पण सांगणार कोणाला?

एका संध्याकाळी तो भांडं हातात घेऊन नुसताच उभा राहिला. “रविवारी आई येतेय... मला नागोठण्याला न्यायला. पोरगी बघायला.”

“मग जा की!”

“तू सांग... जाऊ?”

“मी कोण सांगणारी?” मालू फणकाऱ्यानं म्हणाली आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

रविवारी तिनं मनाशी ठरवलं, एकदा त्याच्या आईला बघून तरी यावं. हैबतरावासाठी वाटीत ताजं दही घेऊन ती गेली, तेव्हा दत्तात्रेयच्या आई कृष्णाबाई दुधात तांदळाची भाकरी कुस्करत होत्या. “ये गो. पोर नीट खायला देत नाय वाटतं, हैबतराव वाळलाय निस्ता!” असं म्हणत त्या दूध-भाकरीची वाटी घेऊन पिंजऱ्याकडे निघाल्या. दत्तात्रेय आढ्याकडे बघू लागला. आईपुढे त्याचं तोंड कधी उघडत नसे.

आता बोललं तर ही माऊली दुखावणार, आणि होती नव्हती ती आशाही संपणार. गप्प बसलं तर त्या मुक्या जिवाचे हाल. मालूनं पुढे होऊन वाटीवर हात ठेवला.

“मावशी, नको. दूध बाधतं त्याला.”

“मला शिकवतेस? पिल्लू होता तवापास्नं मीच पाजतेय!”

“आणि पिंजरा रोज ओला असतो... व्हय ना?”

कृष्णाबाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. तो रोज ओला असायचाच.

“मी पन खरवस घातला होता, मावशी. मायेनंच. पाखरू हातचं जायची येळ आली होती.”

कृष्णाबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. “मंग मी ह्याला मायेनं द्यायचं तरी काय?”

मालूनं त्यांचं बोट हातात घेतलं आणि टोकाला दह्याचा ठिपका लावला. “एवढंच. तेबी कधीतरी.” हैबतरावानं मान तिरकी करून बोट चाटलं, आणि कृष्णाबाई पोरीसारख्या खुदकन हसल्या.

“आई,” दत्तात्रेय एकदम म्हणाला, “मी नागोठण्याला येत नाय.”

“का रे?”

“मला... ही...” त्यानं मालूकडे बोट केलं.

“मला काय सांगतोस? तिला ईचार!”

तो वळला. गच्च भरलेल्या गाडीत खणखणीत ओरडणाऱ्या त्या गड्याचा आवाज पार बसला होता. “मालू... येशील आमच्या घरी? कायमची?”

“नाय म्हटलं तर?”

“तर दुसऱ्या गाडीवर बदली मागतो.”

“आणि मी रोज कोणाच्या गाडीची वाट बघू मग?”

बोलून गेल्यावर मालूनं तोंडावर हात घेतला. कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली.

“चा टाक गो पोरी,” नागोठण्याला न्यायची पिशवी खुंटीला अडकवत कृष्णाबाई म्हणाल्या. “आज आता कुठं जायचं नाय.”