बरणीवरची साय

“दोन्ही गटांच्या धमन्या मऊ झाल्या? दोन्ही?” डॉ. ऊर्मिला खानविलकरांनी धमनीदर्शकाचा पडदा रागाने बंद केला. “हेरंब, अर्ध्या लोकांना आपण चहा आंबवायला मेलेलं विरजण दिलं होतं. त्यांचा दाहांक कसा उतरला?”

सूक्ष्मजीवतज्ज्ञ हेरंब टिपणीस ओशाळून म्हणाला, “मी प्रयोगातल्या लोकांच्या वसाहतीत जाऊन आलो. मेलेल्या विरजणाच्या बरणीवर साय धरत नाही. लोकांना वाटलं, आपलं लागलं नाही. मग काय, वाटी घेऊन शेजारी!”

ऊर्मिलाने कपाळावर हात मारला. आंबवलेल्या चहातले हे घडवलेले जिवाणू आतड्यात राहून दाहशामक द्रव्य सोडत. ते रक्तात उतरलं की धमनीच्या अस्तराची सूज ओसरे. औषध जिवंत, त्यामुळे चमचाभर पुरे. आणि चमचाभर विरजणाला नाही म्हणणारं घर नाशिकात शोधून सापडलं नसतं. चव सारखी राखण्यात या विद्वानांनी वर्ष घालवलं होतं, सायीचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

“म्हणजे तुलनेला कुणी उरलंच नाही. आठ महिने पाण्यात!”

“एकजण उरलाय,” हेरंब चाचरत म्हणाला. “क्रमांक एक्केचाळीस. दाहांक दुप्पट, मानेतली धमनी आणखी अरुंद. हे बघ, नावं आज उघडली.”

नाव वाचून ऊर्मिला खुर्चीत बसली. वडिलांच्या धमनीसाठीच तर तिने हा विषय घेतला होता. गटांच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांना कुठला गट आला, हे तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. तिने लगेच फोन लावला.

“अप्पा, बरणीवर साय धरली होती?”

“छे! कधीच नाही.”

“मग शेजारी मागितलं नाहीत?”

“तूच बजावलं होतंस ना, दुसऱ्याचा थेंब घ्यायचा नाही म्हणून? गोरवाडकरबाई स्वतः वाटी घेऊन आल्या, मी परत पाठवलं. सगळी वसाहत लबाड, मी एकटा नियमाने वागलो. तुझ्या प्रयोगाला उपयोग झाला ना?”

ऊर्मिलाला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. स्वतःचा, अप्पांचाही.

“एवढं कुणी ऐकतं का पोरीचं!” ती ओरडलीच. “आत्ताच्या आत्ता गोरवाडकरबाईंचं दार वाजवा आणि विरजण आणा!”

“आत्ता?” अप्पा दुखावल्यासारखे म्हणाले. “अगं, दिवे लागलेत. या वेळी विरजण मागतात का कुणी?”