पहिली ओळ

डिचोलीहून मुळगावकडे जाताना, उतार लागायच्या जरा आधी, डाव्या हाताला ट्रकमालक संघटनेचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, पत्र्याची एक खोली. पुढ्यात वजनकाटा, त्यापलीकडे गाड्या लावायचं लाल मैदान, आणि मैदान संपतं तिथून खाली खाणीत उतरणारा रस्ता. खोलीत एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतभर काळा फळा. खाणीत भरायला कुणी आधी जायचं आणि कुणी मागून, हे या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिलं जायचं, आणि त्यावरून रोज सकाळी भांडणं व्हायची. थुंकीचं बोट फिरवून बाराचा दोन करणारे महाभाग चौसष्ट गाड्यांत निदान दहा तरी होते.

मधली काही वर्षं खाणी बंद राहिल्या आणि फळा कोरा पडला. खाण पुन्हा सुरू व्हायचं नक्की झालं तेव्हा संघटनेचे अध्यक्ष सगुणबाब यांनी सांगून टाकलं, की आता खडू बंद. काम गौरवीकडे आलं. पर्वरीच्या एका कंपनीत चार वर्षं कॉम्प्युटरवर बसून ती नुकतीच घरी परतली होती, आणि तिचा थोरला भाऊ साईश वडिलांच्या मागे त्यांचीच गाडी चालवत होता. म्हणजे पोरगी घरचीच.

तिने महिनाभरात ॲप उभं केलं. कुणाचा नंबर कितवा, गाडी भरली की काट्यावर आहे की खाली झाली, सगळं प्रत्येकाच्या फोनवर दिसायचं. नकाशावर चौसष्ट हिरवे ठिपके फिरायचे. त्यात तिने दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. एक, कुणी खाडा केला की मागचे सगळे आपोआप एक जागा पुढे सरकायचे, ओळ रिकामी राहायचीच नाही. दुसरी, एकदा खेप सुरू झाली की ती ‘खाली’ होईपर्यंत, म्हणजे माल उतरेपर्यंत, त्या ओळीतलं अक्षरही बदलता यायचं नाही, खुद्द गौरवीलासुद्धा नाही. थुंकीच्या बोटावर हा तिचा उपाय होता. सभेत याला टाळ्या पडल्या.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, कृष्णनाथकाका. पस्तीस वर्षं फळा लिहिणारा कारकून. सभा संपल्यावर तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“बाये, फळो काडलो तो काडलो. पूण पयली वळ रिकामी सोड.”

गौरवीला आठवलं. फळ्यावर सगळ्यात वर खडूची एक आडवी रेघ असायची आणि पहिली गाडी तिच्या खाली लिहिली जायची. लहानपणी तिला वाटायचं, ती रेघ शोभेसाठी आहे.

“ती कोणाची काका?”

“राखण्याची, ह्या दोंगराच्या राखणदाराची. दोंगर ताचो. पयली खेप ताची, मागीर आमची.”

“ॲपाक रिकामी वळ कळना, काका. जागो उरलो की तो फाटल्याक मुखार काडटा.”

काकाने हातावरचा खडू झटकला. हातावर खडू नव्हताच, सवय तेवढी होती.

मोसमाची सोडत कॉम्प्युटरने काढली. पहिला नंबर साईशला लागला. कुणी काही बोलायच्या आत गौरवीनेच सोडतीची नोंद ग्रुपवर टाकली, म्हणजे बहिणीने भावाचं केलं असं तोंड कुणी उघडायला नको. साईश खुशीत होता. पहिल्या दिवशी गाडी काट्यावरून काढून झाली आणि तो स्वतःच काट्यावर जाऊन उभा राहिला. हा त्यांचा जुना खेळ. लहान असताना वडील दोघांना तिथे उभं करायचे आणि वरच्या लाल आकड्यांत मिळून चाळीस उमटले की दोघं खिदळायची. काटा दहा-दहा किलोनेच मोजतो.

“सत्तर,” साईश म्हणाला. “तूं ये पळोवया.”

ती गेली. एकशे वीस झाले. तिचे पन्नास.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या सकाळी तिच्या लक्षात आलं, की साईशच्या रिकाम्या गाडीचं वजन सत्तर किलोने जास्त भरतंय. टाकी भरूनच काट्यावर यायचं असा नियम असल्याने रिकाम्या गाडीचं वजन रोज जवळपास तेच येतं. साईशचं, तो आत बसलेला असताना, सहा हजार एकशे वीस. त्या दिवशी आलं एकशे नव्वद. हौद्यात ओलं खनिज चिकटलं असेल म्हणून तिने गाडी धुऊन आणायला लावली. धुतल्यावरही एकशे नव्वद. मागच्या त्रेसष्ट गाड्यांची वजनं चोख होती, तेव्हा काट्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. गौरवी अशा वेळी घाबरणाऱ्यातली नव्हे. तिने कागदावर तारीख आणि आकडा लिहून ठेवला.

पाचव्या दिवशी एकशे नव्वद. सहाव्या दिवशी दोनशे.

मग तिने भावावर नजर ठेवली. साईशकडे क्लीनर नव्हता, तो एकटाच जायचा. पण हल्ली निघण्याआधी तो वाकून डाव्या बाजूचं दार उघडायचा, थोडा थांबायचा आणि मग लावून घ्यायचा. जेवणाचा डबा डाव्या सीटवर असायचा, तो आता त्याच्या मांडीवर असे. गाडीतली गाणी बंद झाली होती. घरी आई विचारायची, तर म्हणायचा, धुळीने डोकं दुखतं.

आठव्या दिवशी सकाळी तो ऑफिसात तिच्यासमोर बसून चहात पाव बुडवत होता. गाडी बाहेर मैदानात उभी होती, किल्ली टेबलावर होती. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नंबर एक, भरला. नकाशावर पहिला हिरवा ठिपका खाणीच्या तळाशी होता.

“दादा, तुजी गाडी खंय आसा?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. चहा तसाच ठेवून तो उठला आणि किल्ली घेऊन गेला.

ग्रुपवर कुरबुर सुरू झाली. दिवसाच्या शेवटी सगळ्यांच्या दोन खेपा आणि नंबर एकच्या तीन, हे सगळ्यांनाच दिसत होतं. पारदर्शकता म्हणून गौरवीनेच ते दिसायची सोय केली होती. सगुणबाबांनी फोन करून तिला दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाने साईशच्या गाडीचा मागून काढलेला फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘साईशान क्लीनर दवरला तर ताचें नांव यादीत कित्याक ना?’

तिने फोटो मोठा करून पाहिला. केबिनच्या मागच्या काचेत दोन डोकी होती. उजवीकडचं साईशचं. डावीकडचं त्याच्याहून वीतभर उंच, आणि त्याच्या खांद्यांवरून काळं कांबळं घेतलेलं. मार्च महिना होता, पत्रा तापून खोलीत बसवत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने साईशला विहिरीपाशी गाठलं. तो बराच वेळ कळशीच्या दोरीची गाठ सोडवत राहिला.

“उलयना तो,” शेवटी तो म्हणाला. “बसता. हात करून वाट दाखयता, बस.”

“खंयची वाट?”

“सकयल. खणीच्या उदकाची.”

बंद पडलेल्या वर्षांत खाणीच्या तळाशी पाणी साचलं होतं, हिरवंगार, किती खोल ते कुणी मोजलं नव्हतं.

“आनी तूं वता?”

“हांव स्टिअरिंग वळयतां गो. गाडी वळना. दर दिसा मातशी उदकालागीं वता. काल मुखावयली चाकां उदकांत आसलीं.”

“मग गाडी काडूं नाका फाल्यां.”

“काडली ना जाल्यार तो घरा येतलो,” साईश म्हणाला, आणि ते इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की गौरवीला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वडील गेले तेव्हा वाटली होती तशी.

सकाळी सात वाजता ती कृष्णनाथकाकाच्या दारात होती. काका अंगणात पाणी शिंपडत होता. तिने सगळं सांगितलं. तो हसला नाही, मी म्हटलं होतं असंही म्हणाला नाही.

“पयली वळ ताची ताका दी,” तो म्हणाला. “तातूंत कोणूच आसूंक जायना. साईशाक सगळ्यांच्या फाटल्यान घाल.”

ऑफिसात येईपर्यंत साडेसात झाले होते. आठ दहाच्या आत उरकायचं होतं. ॲप रिकामी ओळ घेत नव्हतं, तिनेच तसं बांधलं होतं, आणि ते सगळं उकलून पुन्हा बांधायला दोन दिवस लागले असते. तिने दुसरी युक्ती केली. साईशची ओळ होती तशीच आणखी एकदा उतरवून घेतली, मूळची उचलून शेवटी पासष्टाव्या जागी नेली, आणि पहिल्या जागी राहिलेल्या प्रतीतून गाडीचा नंबर पुसून टाकला. गाडीच नाही, म्हणजे ओळ रिकामी. ॲपने मुकाट्याने मानलं. सात पंचावन्न झाले होते. तिने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले.

आठ दहाला फोन वाजला. नंबर एक, भरला.

मैदानात चौसष्टच्या चौसष्ट गाड्या उभ्या होत्या. दुसऱ्या नंबरची गाडी हॉर्न देऊन उताराला लागली, मग तिसरी. कुणाला काही कळलं नाही. साईश शेवटच्या जागी आपल्या गाडीला टेकून उभा होता, आणि डावं दार बंद होतं. त्याने लांबून तिला हात केला. कितीतरी दिवसांनी केला.

त्याचा नंबर लागेपर्यंत बारा वाजत आले. कृष्णनाथकाका मधेच कधीतरी येऊन फळ्याखालच्या खुर्चीत बसला होता. साईशने रिकामी गाडी काट्यावर घेतली. केबिनमध्ये तो एकटाच होता, तिने नीट पाहिलं. हसत होता. मग तिने लाल आकड्यांकडे पाहिलं.

सहा हजार पन्नास.

तिला वाटलं, आकडा अजून स्थिरावला नसेल. ती थांबली. सहा हजार पन्नास. एकशे वीस यायला हवे होते. सत्तर कमी होते.

“काका,” ती म्हणाली, “वजन उणें येता.”

काका उठून तिच्या मागे आला. त्याने आकडा वाचला आणि मग तिच्या स्क्रीनकडे पाहिलं.

“वळ रिकामी केली मगो तुवें?”

“केली. गाडीचो नंबर काडलो.”

“आनी नांव?”

ड्रायव्हरच्या नावाशिवाय ॲप ओळ जपून ठेवत नव्हतं. प्रत उतरवताना नाव सोबत आलं होतं. घाईत ती जागा तिने पाहिलीही नव्हती.

नंबर एक. गाडी, काही नाही. ड्रायव्हर, साईश.

तिने नावावर बोट ठेवलं. स्क्रीनवर तिचंच वाक्य आलं, सभेत टाळ्या घेतलेलं. ‘या ओळीची खेप चालू आहे. खाली झाल्याशिवाय बदल होणार नाही.’ तिने ॲप बंद करून पुन्हा उघडलं. तेच वाक्य. नकाशावर पहिला ठिपका खाणीच्या तळाशी होता, पाण्याच्या निळ्या रंगाच्या मधोमध. हलत नव्हता.

“खेप खाली केन्ना जातली?” काकाने विचारलं.

ती उठून खिडकीपाशी गेली.

बाहेर साईशने गाडी काट्यावरून पुढे काढली, बंद केली आणि खाली उतरला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत तो काट्यापाशी आला.

“कितें जालें? तोंड कित्याक अशें?”

“दादा, काट्यार उबो राव.”

त्याला वाटलं जुना खेळ. हसून तो वर चढला, मधोमध उभा राहिला आणि वर पाहू लागला. त्याचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला.

शून्य.

गौरवी बाहेर आली. ऊन डोक्यावर होतं. ती काट्यावर चढली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याचा हात घट्ट धरला.

आकडे फिरले आणि पन्नासावर थांबले.

साईशचा हात तिच्या हातात होता. नेहमीसारखाच खरखरीत, आणि गरम.