शूर नदीच्या काठी

मागून पावलं येत होती.

गिरिजानं वळून पाहिलं नाही. वळलं की थांबावं लागतं, आणि थांबलं की... तिनं छत्री घट्ट धरली आणि चालण्याचा वेग वाढवला. नदीकाठच्या त्या पायवाटेवर दुसरं कुणीच नव्हतं. ऑक्टोबरमधली रविवारची दुपार, पण उजेड असा की संध्याकाळच वाटावी. पाऊस म्हणावा असा पडत नव्हता, नुसतं पाणी हवेत तरंगत होतं. डावीकडे नदी फुगली होती आणि दुधाच्या चहासारखी गढूळ वाहत होती.

"हॅलो! एक्स्क्यूज मी! स्टॉप!"

पुरुषाचा आवाज. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं — काळं जाकीट, डोक्यावर ओढलेला हूड. ती पळायला लागली. मागची पावलंही पळायला लागली. वळणाशी ती पोचली, आणि पुढे वाटच नव्हती! नदी काठ खाऊन आत शिरली होती. पायाच्या बोटांपुढे नुसतं फिरणारं, घुसळणारं पाणी.

पुढे पाणी, मागे तो. गिरिजानं छत्री मिटली, गर्रकन वळली आणि डोळे मिटून हाणली.

"आई गं!"

तिनं डोळे उघडले. समोर एक उंचसा तरुण कपाळ धरून वाकला होता.

"तुम्ही... मराठी आहात?"

"टेंगूळ आल्यावर कुठल्या भाषेत ओरडायचं मग?" तो कळवळत म्हणाला. "अहो, पुढची वाट खचलीय हेच सांगत होतो मघापासून. तुम्ही आपल्या सुसाट!"

"मग मराठीत सांगायचं ना!"

"पाठीवरून कसं कळणार तुम्ही मराठी आहात ते?"

हे बरोबर होतं. तिला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. त्यानं ते पाहिलं. आधी त्यानं हूड मागे टाकला. मग वाटेच्या अगदी कडेला, ओल्या गवतात जाऊन उभा राहिला.

"तुम्ही पुढे व्हा," तो हळूच म्हणाला. "मी इथंच थांबतो. तुम्ही पुलावर पोचलात, की मग मी निघतो."

ती त्याच्या समोरून, अंग चोरून, गेली. पुलावर पोचल्यावर मात्र तिनं वळून पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. तो तिथंच होता, भिजत, एक हात कपाळावर धरून.

*

गिरिजाला क्लॉनमेलमध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. त्याआधी ती डब्लिनला होती, स्वोर्ड्स या उपनगरात दोन मैत्रिणींबरोबर घर घेऊन. ऑफिस, बस, शनिवारी सगळ्यांनी मिळून केलेली मिसळ, सगळं छान चाललं होतं. मग उन्हाळ्यात एका संध्याकाळी, चांगला लख्ख उजेड असताना, बसस्टॉपवर चार-पाच पोरं आली. हूड घातलेली. आधी अंडी फेकली, मग दगड, मग एकानं तिला ढकलून पाडलं. 'जा तुझ्या देशात' वगैरे. खांद्यावरचा काळानिळा डाग महिन्याभरात गेला. पाठीमागची पावलं मात्र गेली नाहीत.

म्हणून तिनं दक्षिणेतल्या या लहानशा गावातली नोकरी घेतली. ऑपरेशनमध्ये वापरायच्या बारीक नळ्या बनवणारा कारखाना, घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. म्हणजे बसस्टॉपवर उभं राहायला नको. लहान गावात भीती कमी असेल, असं तिला वाटलं होतं. इथं तर उलटंच! डब्लिनमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही. इथं समोरून येणारा प्रत्येकजण बघतो, मान हलवतो, गाडीतला माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. आणि दर वेळी तिच्या छातीत धस्स होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या घरमालकीणबाई, ब्रीडा, दारात उभ्या. "काय गं पोरी, आमच्या सलीलला छत्रीनं झोडपलंस म्हणे!"

गिरिजाचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेडिकलवाल्यानं. तो टेंगळाला मलम घ्यायला गेला होता ना." ब्रीडा मनापासून हसल्या. मग कळलं, की सलील त्यांच्या भावाच्या डेअरीवर दूध काढायच्या रोबोटची देखभाल करतो. आसपासच्या सगळ्याच गोठ्यांवर करतो. सात वर्षांपासून इथंच आहे, मूळचा संगमनेरचा. "ग्रँड मुलगा आहे," ब्रीडा म्हणाल्या, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

दिवाळी आली होती. गिरिजानं कॉर्नफ्लेक्सचा चिवडा केला आणि माफीचा म्हणून एक डबा ब्रीडांकडे ठेवला. शनिवारी डबा परत आला. पण दारावर टकटक झाली नाही. गल्लीच्या टोकावरून खणखणीत आवाज आला,

"गिरिजाऽ! मी सलील! डबा घेऊन येतोय! निळं जाकीट घातलंय!"

समोरच्या तीन घरांचे पडदे हलले.

"अहो, काय हे!" ती दारात येऊन, हसू दाबत म्हणाली.

"आगाऊ सूचना. माझं कपाळ एकच आहे." टेंगूळ आता पिवळं पडलं होतं. "चिवडा मस्त होता. तीळ मात्र विसरलात."

"तीळ मुद्दाम नाही घातले."

"मग मुद्दाम चुकलात."

"डबा द्या आणि निघा."

तो निघाला, तो सावकाश, उलट्या पावलांनी, हसत. तिनं दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिली. छातीत धडधडत होतंच. पण ही धडधड ओळखीची नव्हती.

*

त्यानंतर तो येत राहिला. कधी गोठ्यावरचं ताजं दूध, कधी नुसताच पाऊस घेऊन. दर वेळी गल्लीच्या टोकावरून हाक. बरोबर चालताना तो कधी तिच्या मागे राहिला नाही. रस्ता अरुंद झाला, की स्वतः पुढे व्हायचा आणि बोलत राहायचा. तिच्या हे हळूहळू लक्षात आलं. का, ते त्यानं विचारलं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"या नदीचं नाव वाचायला आलं का तुला?" एकदा पुलावर त्यानं विचारलं. "पाटीवर लिहितात सुइर. म्हणतात मात्र शूर."

"शूर? आणि तिच्या काठी राहायला आलेय मी!"

"एकदा तिच्यासमोर छत्री चालवलीस की. ती सगळ्यांना सांगत असेल."

एका रविवारी तो तिला ब्रीडांच्या भावाच्या गोठ्यावर घेऊन गेला. गाई आपणहून रांगेनं यंत्रात शिरत होत्या, लाल दिवा फिरत होता, यंत्राचा हात सडांशी अलगद जात होता. गिरिजा बघतच राहिली. तेवढ्यात एक भलीमोठी काळी-पांढरी गाय सलीलच्या पाठीशी येऊन फुसकारली, आणि हा सहा फुटी माणूस एका उडीत फाटकावर चढून बसला!

"तू गाईंना घाबरतोस?"

"हळू बोल. या कामावर पोट आहे माझं." त्याचा श्वास खरंच फुलला होता. "पहिल्याच वर्षी एकीनं मागून भिंतीवर दाबलं होतं. बरगडी मोडली. समोरून आली तर काही नाही. मागून आली की... अजून पाय लटपटतात."

गिरिजा हसली नाही. ती फाटकाला टेकली आणि बसस्टॉपवरची ती संध्याकाळ तिनं त्याला सांगितली. अंडी, दगड, सगळं. "आणि स्टॉपवर माणसं होती रे. सहा-सात. सगळी फोनमध्ये बघत होती. मला दगडाचं एवढं नाही... पण ते फोनमध्ये बघणं..."

तो फाटकावरून खाली उतरला. मग म्हणाला, "मी असतो तर अमुक केलं असतं, असं सांगून काय उपयोग. मी नव्हतो." आणि फाटकावरचा त्याचा हात तिच्या हाताशेजारी आला. लागला नाही, शेजारी फक्त. तिनंच करंगळी जराशी सरकवली.

*

पण एव्हाना हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली होती. नोव्हेंबर उजाडला म्हणायचा, एरवी उजाडायचा कुठे! ती कारखान्यातून निघायची तेव्हा काळोख झालेला असायचा. घराकडच्या रस्त्याला एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला झुडपं. ती रोज मुठीत किल्ल्या धरून, जवळजवळ धावत घरी यायची. दार लावल्यावर पुन्हा पुन्हा कडी तपासायची. जेवण जाईना.

पुण्याहून आई, प्रमोदिनीबाई, रोज व्हिडिओवर. "किती वाळलीस गं! कशाला राहतेस तिथं? त्याच कंपनीचं इथं ऑफिस आहे ना? ये परत." एके दिवशी गिरिजानं साहेबांना विचारलं. पुण्यात जागा होती. नाताळच्या आधी जाता येईल म्हणाले.

तिनं सलीलला त्याच्या व्हॅनमध्ये सांगितलं. काचेवर पाऊस आणि वायपरची घरघर. तो समोर बघत होता.

"जा," तो म्हणाला. "जिथं भीती वाटते, तिथं राहू नये माणसानं."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू?"

तिला काय ऐकायचं होतं, ते तिचं तिला ठाऊक होतं. पण ते मागून कसं घ्यायचं? तिनं दार उघडलं, पावसात उतरली आणि मागे न बघता घरात गेली. त्या आठवड्यात गल्लीच्या टोकावरून हाक आली नाही.

शुक्रवारी ती कामावरून निघाली तेव्हा धुकं उतरलं होतं. दिवे नुसते पिवळे गोळे होऊन लटकत होते. तिला एकच घाई — भिंतीचा तो तुकडा संपायला हवा. ती झपझप चालत होती. पुढे, धुक्यात, कुणीतरी चाललं होतं. लांब कोट. त्या व्यक्तीनंही वेग वाढवला. मागे जाण्यापेक्षा पुढचे दिवे बरे, म्हणून गिरिजाही भराभर निघाली. पुढची व्यक्ती पळायला लागली, अडखळली, गर्रकन वळली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात पुढे केलेला, मुठीत किल्ल्या.

एक बाई होती. ब्रीडांपेक्षा थोडी लहान, भुरे केस, पांढरा पडलेला चेहरा. इथलीच.

आणि ती गिरिजाला घाबरली होती.

गिरिजा जागीच थांबली. हूड! डोक्यावर तिच्याच जाकिटाचा हूड होता. तिनं तो घाईघाईनं मागे टाकला आणि दोन्ही हात वर करून इंग्रजीत ओरडली, "मी गिरिजा! घरी चाललेय फक्त! ब्रीडांच्या शेजारी राहते!"

त्या बाईनं श्वास सोडला, आणि मग रडत रडत हसायलाच लागली. तिचं नाव ओर्ला. हॉस्पिटलमध्ये नर्स होती. "चाळीस वर्षं या गावात काढली," ती म्हणाली, "अन् हा रस्ता आला की अजून असंच होतं. वाटलं, गेले मी आज." गिरिजानं आपली मूठ उघडून दाखवली. तिच्याही हातात किल्ल्या होत्या. मग ओर्लानं सरळ तिच्या दंडात हात घातला आणि दोघी बोलत बोलत दिव्यांपर्यंत आल्या. निरोप घेताना ओर्ला म्हणाली, "सोमवारी मी याच वेळेला सुटते. हॉस्पिटलच्या फाटकाशी माझ्यासाठी थांबशील?"

"थांबेन," गिरिजा म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे तिनं सोमवारपुरतं म्हटलं नव्हतं.

*

शनिवारी सकाळी ती सलीलच्या घरी गेली. एकटी, नदीवरून, चालत. मागून दोघं जण पळत आले, 'मॉर्निंग' म्हणून पुढे गेले. तिच्या छातीत धस्स झालंच. तरी ती चालत राहिली.

दार उघडं होतं आणि आतून कर्कश ठणाणा ऐकू येत होता. सलील स्टुलावर उभा राहून, छतावरच्या धुराच्या अलार्मला पंच्यानं वारा घालत होता.

"फोडणी जळली!" तो ओरडला. "स्टूल धर!"

तिनं धरलं. अलार्म गप्प झाला. एकदम इतकी शांतता, की नळाचं टपटप ऐकू यायला लागलं. तो स्टुलावरच उभा होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"त्या दिवशी 'जा' का म्हणालास?" तिनं विचारलं.

"तुला जायचं होतं."

"सलील."

तो खाली उतरला. पंच्याची घडी घालायला लागला, मोडली, पुन्हा घातली. "मी 'थांब' म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस... आणि मग या गावात, त्या रस्त्यावर, तुला कुणी काही केलं असतं तर? मी थांबवलं म्हणून! गिरिजा, मला गाईची वाटते त्याच्या शंभरपट याची भीती वाटते. रात्र-रात्र झोप नाही मला."

तिनं त्याच्या हातातून पंचा काढून घेतला.

"मग तू थांबवू नकोस. मी आपली आपण थांबतेय. काल रात्रीच साहेबांना कळवलंय. आईलाही सांगितलं, ती अजून रडतेय. माझी भीती गेलेली नाही. कदाचित जाणारही नाही. पण काल कळलं, की ती एकटीची नाहीये. घाबरायचंच आहे, तर ज्यांच्याबरोबर घाबरता येतं, त्यांच्यात राहीन ना मी!"

"ज्यांच्यात म्हणजे... गावात?"

"गावात. ब्रीडांच्या शेजारी. ओर्ला म्हणून एक मैत्रीण झालीय, तिच्याबरोबर." तिनं पंचा ओट्यावर ठेवला. "आणि एक आहे. त्यानं अजून विचारलं नाहीये मला काही."

सलीलचे कान लाल झाले. त्यानं घसा खाकरला. स्टूल बाजूला सरकवलं, उगाचच.

"गिरिजा... माझ्याबरोबर राहशील? म्हणजे आज नाही. म्हणजे... कायमची."

"घाबरत घाबरत राहीन. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. "मीही घाबरत घाबरतच विचारलंय."

तिनं त्याचे दोन्ही हात धरले. ते बर्फासारखे गार होते, आणि तिचेही. बराच वेळ तसेच धरून ठेवल्यावर मात्र हळूहळू कोमट व्हायला लागले.