तिसरी जोडी

दुपारी तीनला मी गंगावेशीत शिवाप्पांच्या घरी जायचो. ते गुळाचे अडते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यावर दुकान मुलाकडं सोपवून घराच्या पुढच्या सोप्यात बसलेले. मी आयुष्यभर वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली, मास्तर कधीच नव्हतो. पण ते मला मास्तर म्हणायचे.

समोर बसून मोठ्यानं वाचणं मला जमेना. घसाच बसायचा. म्हणून घरी दार लावून एकेक प्रकरण फोनवर वाचून ठेवायचो आणि तिथं जाऊन लावायचो. शेजारी ग्रीलचं दुकान, दिवसभर कटरचा आवाज. त्यावर त्यांच्या नातीनं, प्रेरणानं, माझ्या एकाच फोनला बिनवायरच्या इअरफोनच्या तीन जोड्या जोडून दिल्या. एक अज्जाची, एक अज्जीची म्हणजे बसम्मांची, एक माझी. पडद्यावर तिन्ही नावं आणि पुढं किती चार्ज आहे ते दिसे. दहा पावलांपलीकडं गेलं की नाव जायचं. परसात गेले की शिवाप्पा ओरडायचे, "मास्तर, बंद पडलं की हो."

एखादं वाक्य आवडलं की ते कानावर दोनदा टिचकी मारायचे. आवाज थोडा मागं जायचा, तिघांचाही. तांदूळ निवडता निवडता बसम्मा म्हणायच्या, "झालं ह्यांचं सुरू." संध्याकाळी ते जोडी चाचपत डबीत ठेवायचे, झाकण मिटायचे. चार्ज त्या डबीतच व्हायचा.

कादंबरी जुनी होती. रागानं घर सोडून चाळीस वर्षांनी परत निघालेल्या माणसाची. शेवटचं प्रकरण तेवढं उरलेलं. मी ते चारदा वाचलं, चारदा पुसलं. माझ्या आवाजाला ते झेपत नव्हतं.

"घरी पोचतोय का न्हाय त्यो, एवढंच सांगा की," शिवाप्पा म्हणाले.

"उद्या ऐकालच," मी म्हणालो.

"लई भाव खाताय बघा."

दुसऱ्या दिवशीही प्रकरण तयार नव्हतं. आधीचंच लावलं. ते संपलं तरी शिवाप्पा डोळे मिटून बसलेले. ते नेहमीच तसे बसायचे. बसम्मांनी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

ते लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. विभूती लावताना मुलगा कानातली जोडी काढायला गेला, तर बसम्मांनी त्याचा हात धरला. "राहू दे. शेवट ऐकायचा राह्यलाय त्यांचा."

पुरायची जागा, रुद्रभूमी, घरापासून मैलभर तरी आहे.

पाचव्या दिवशी मी गेलो. डबी देव्हाऱ्याशेजारी होती, उघडी, रिकामी. बसम्मा म्हणाल्या, "लावा की कायतरी. घर खायला उठतंय."

फोन उघडला. तीन नावं होती. शिवाप्पांच्या नावापुढं एकोणीस टक्के.

फोन जुना, मीही म्हातारा. काहीतरी चुकत असेल. बंद करून परत चालू केला. अठरा.

बसम्मांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"आणि तुम्ही अजून वाचून आणलं न्हाय व्हय?"

घरी जाऊन एका दमात वाचलं. चुकलो तिथं चुकलो. पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला लावलं तेव्हा चार टक्के उरले होते. बसम्मांच्या मांडीवर सूप. माझे हात गुडघ्यांवर.

माझाच आवाज वाचत होता. 'त्यानं दार ढकललं. आतून कडी नव्हती.'

आवाज मागं गेला.

'त्यानं दार ढकललं. आतून कडी नव्हती.'

परत मागं.

मी बसम्मांकडं पाहिलं. त्यांचे दोन्ही हात तांदळात होते.

"ऐकू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा वाक्य पुढं सरकलं. प्रकरण संपलं. पडद्यावर दोनच नावं राहिली. इतक्या दिवसांत रडल्या नव्हत्या त्या बसम्मा तोंडाला पदर लावून रडल्या. "पोचला म्हणायचा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी शिवाप्पांनी विचारलं तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं.

तीन दिवस मी तिकडं फिरकलो नाही. चौथ्या दिवशी नवं पुस्तक वाचून नेलं, बसम्मांसाठी.

डबी देव्हाऱ्याशेजारीच होती. झाकण मिटलेलं होतं. कुणी मिटलं ते मी विचारलं नाही, उघडून बघायचा धीरही झाला नाही.

फोन उघडला. तीन नावं आली.

तिसरं शिवाप्पांचं, पुढं शंभर टक्के.